दोन किटल्या कॉफी

१

आमच्या वस्तीत प्रत्येक घरात खिडकीशी एक दुर्बीण असते. माझ्या घरातली जरा जास्त झिजलेली आहे, एवढंच. लोक हसतात. हसू देत. कोणाची बोट कधी सुटली, कोणी मारलेला सील ओढायला किती जण लागले, म्हाताऱ्या बिबियानेच्या दोरीवर किती मोजे वाळताहेत, हे विचारायला माझ्याच दारात येतात, तेव्हा कोणाला हसू येत नाही.

माझं घर चढावर आहे. खाली बंदर, समोर खाडी, खाडीच्या तोंडाशी डोंगराचं काळं टोक. टोकापलीकडची हिमनदी मला दिसत नाही, नुसती ऐकू येते. बर्फाचा कडा कोसळला की आधी कुत्री गप्प होतात, मग आवाज येतो, आणि बऱ्याच वेळाने बंदरातल्या बोटी एकदम वरखाली होतात. साठ माणसांच्या वस्तीत करमणूक म्हणून एवढं पुष्कळ आहे.

उन्हाळ्यात पांढरं जहाज येतं. त्यातल्या पाहुण्यांना देवमासे बघायचे असतात, सील बघायचे असतात, हिमनदी अगदी जवळून बघायची असते. माझा जावई गेर्थ त्यांना आपल्या बोटीतून टोकापलीकडे घेऊन जायचा आणि परत आले की सगळे माझ्याकडे कॉफीला. खऱ्या घरातली कॉफी प्यायची असते त्यांना. मी पाच तऱ्हेचे केक करते आणि सगळ्यांची लग्नं झाली आहेत का, ते विचारून घेते.

जूनमधली गोष्ट. केकचं पीठ मळता मळता मी सवयीने दुर्बीण उचलली. वारा डोंगराकडून होता. नांगरलेल्या बोटी अशा वेळी वाऱ्याकडे नाक करून उभ्या राहतात, कुत्री बसतात तशा. सहा बोटींचं तोंड वस्तीकडे होतं.

सातवीचं तोंड टोकाकडे होतं.

मी म्हटलं, तळाशी प्रवाह असेल. दुपारी वारा फिरला, सहा बोटी फिरल्या. सातवी हलली नाही. ती गेर्थची होती. तिच्या नाकावर महिन्यापूर्वी पांढऱ्या रंगाने नाव लिहिलं होतं: एनोक.

आणि ते नाव लिहायला मीच सुचवलं होतं.

२

एनोक म्हणजे बिबियानेचा धाकटा मुलगा. गेर्थचा जोडीदार होता. गेर्थने सुकाणू धरायचं, एनोकने नजर ठेवायची. देवमाशाचा फवारा त्याला मैलावरून दिसायचा. माझ्याकडे आला की बोलायचा नाही, रिकाम्या कपावर नख वाजवायचा. दोनदा, मग थांबून एकदा. म्हणजे अजून ओत. मी म्हणायची, "तोंड काय शिकार करायला ठेवलंय का रे?" तो हसायचा आणि पुन्हा तेच. दोनदा, थांबून एकदा.

हिमनदीसमोर पाण्यात एक चपटा खडक आहे. भरतीला जेमतेम हातभर वर राहतो. आम्ही त्याला ताट म्हणतो. आदल्या सप्टेंबरात, शेवटचं जहाज आलं होतं तेव्हा, गेर्थला आपल्या बोटीचा मागे हिमनदी येईल असा फोटो हवा होता, बंदरावरच्या फलकासाठी. त्याने एनोकला कॅमेरा देऊन ताटावर उतरवलं. तेवढ्यात कडा कोसळला.

गेर्थने सगळ्यांना सांगितलं ते असं. लाट आली. बोटीत अकरा पाहुणे होते. त्याने बोट लाटेवर घातली, म्हणून ती वाचली. मग मागे वळून दोन तास ताटाभोवती फिरला. खडक रिकामा होता.

मी बघितलं ते असं. कडा कोसळल्याचा आवाज आला, मी खिडकीशी गेले. थोड्या वेळाने गेर्थची बोट टोकाच्या अलीकडे आली आणि थांबली. इंजिन बंद. माझी कॉफी चुलीवर होती. ती किटली संपली. मी दुसरी चढवली, तीही संपली. बोट तिथेच. शेवटी गेर्थ बाहेर आला, त्याने दुर्बीण डोळ्याला लावली आणि थेट माझ्या खिडकीकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघत होते. आधी कोणी दुर्बीण खाली घेतली ते मला आठवत नाही.

नंतर आमचे शिकारी जाऊन आले. ताटावर कोणी नव्हतं. एनोकचा एक हातमोजा मिळाला. कोरडा. उडू नये म्हणून वर दगड ठेवलेला, वाळत घातल्यासारखा.

ते ऐकून कोणी काही बोललं नाही. मीही नाही. माझी पिपालुक त्याची बायको. आणि अकरा माणसं घेऊन पुन्हा त्या लाटांत जायला माझीही छाती झाली नसती. असं मी स्वतःला म्हणत आले.

३

आमच्याकडे मेलेल्याचं नाव तोंडाने घेत नाहीत, ते एखाद्या बाळाला मिळेपर्यंत. बाळाला मिळालं की तो माणूस परत आला. मला माझ्या आजोबांचं नाव जोडलंय, म्हणून माझी आजी मला नवरोबा म्हणायची. चार वर्षांची मी, आणि ती रागावायची, "नवरोबा, इतक्या उशिरा कुठे होतात?" कोणाला त्यात गंमत वाटायची नाही. तो माणूस परत येतो म्हणजे सगळा येतो. त्याचे हट्ट, त्याची देणीघेणी, त्याने कोणाशी धरलेला अबोला, सगळं.

बिबियानेची मोठी मुलगी शहरात असते, ती ऑगस्टात बाळंत होणार होती. नाव त्या बाळासाठी राखलेलं होतं. बिबियाने हिवाळाभर एक शब्द बोलली नाही. गेर्थ समोरून आला की ती बर्फात उतरून बाजूने जायची. पिपालुकलाही दिवस गेले होते, ती रडायची. मग मेमध्ये बोटीला नवा रंग देताना मी गेर्थला म्हटलं, "तिच्या मुलाचं नाव दे बोटीला. म्हातारीला बरं वाटेल."

तो म्हणाला, "सासूबाई, नाव बाळासाठी ठेवलंय ना?"

"अरे, बोट आहे ती. लाकडालोखंडाला नाव लागतं होय?"

कशी बोलले कोण जाणे. वस्तीत जन्म गेला माझा.

रंग वाळला त्या दिवशी बिबियाने बंदरावर आली. बराच वेळ अक्षरांकडे बघत राहिली. मी म्हटलं, आता दगड मारेल. ती घरी गेली, कपभर कॉफी घेऊन आली, बोटीच्या कडेवर ठेवली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा बोलली.

"आलास?"

मग गेर्थकडे वळून, अगदी सरळ आवाजात: "याला पाण्यावर एकटं ठेवत जाऊ नकोस. त्याला आवडत नाही."

४

जुलैत जहाजं सुरू झाली. गेर्थ एकदा माझ्याकडे वाळवलेला हॅलिबट मासा चघळत बसला होता.

"सासूबाई, बोट डावीकडे ओढते."

"सुकाणू तपास."

"तपासलं. टोक ओलांडलं की ओढते. ताटाकडे." मग हसला. "एनोकला पण प्यायल्यावर डावीकडेच जायची सवय होती."

मला हसू आलं नाही. त्यालाही फार नाही आलं. तो खूप चेष्टेखोर पोरगा होता, लग्नात त्याने आमच्या पाद्र्याला सुद्धा नाचायला लावलं होतं. आता त्याच्या डोळ्यांखाली निळं दिसत होतं.

"आणि वाजतं काहीतरी. तळातून."

"बर्फ घासत असेल."

"बर्फ घासतो. हे वाजतं." त्याने माझ्या टेबलावर बोट आपटून दाखवलं. दोनदा. थांबून, एकदा.

मी त्याच्या कपात कॉफी ओतली. हात आपोआपच गेला. मग आम्ही दोघं त्या कपाकडे बघत राहिलो. तो कप त्याने प्यायला नाही.

"नाव खरवडून टाकू का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "दिलेलं नाव काढून घ्यायचं म्हणजे..." तोही वस्तीतलाच. मारणं म्हणतात त्याला आमच्यात.

बाहेर बिबियाने बंदराकडे चालली होती, कप हातात, पाऊल जपून, सांडू नये म्हणून. रोज जायची. कडेवर कॉफी ठेवायची, बोटीच्या अंगावरून हात फिरवायची आणि बोलायची. एकदा मी जाळं घ्यायचं निमित्त करून जवळ गेले. ऐकायचं होतं. दुसरं काय?

ती सांगत होती, "घाई नाही. तुझा तू बघ. बोटीतले पाहुणे नको, त्यांचा काय दोष. पण तुझा तू बघ."

मला बघून थांबली. "ये दोर्थे. लांबून नीट ऐकू येत नाही ना?"

५

ऑगस्टची अठरा तारीख. पाणी तेलासारखं स्थिर, वारा नाही. सकाळपासून हिमनदीचा आवाज नव्हता. कुत्री उन्हात पसरलेली. वारा नसला की बोटी वाटेल तिकडे तोंड करतात, तेव्हा मला जरा बरं वाटायचं. फरक कळायचा नाही ना.

जहाजावरचे आठ पाहुणे घेऊन गेर्थ बाराला गेला. पिपालुकने विणलेला निळा स्वेटर त्याच्या अंगात होता. तिने खिडकीतून हात केला, मी पण केला. तीन वाजता सगळे कॉफीला येणार होते.

अडीचला बिबियाने आली. कोणी बोलावलं नव्हतं. रानबेरींचा केक आणला होता. माझ्या खिडकीपाशी, वायरलेस ठेवलेला असतो त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"ठेव किटली," म्हणाली.

मी ठेवली आणि दुर्बीण उचलली. टोकामागून बोट आली. अलीकडे थोडी सरकली आणि थांबली.

इंजिनाचा आवाज तुटला. खाडीत इतकी शांतता की पाहुण्यांचं हसणं थेट माझ्या स्वयंपाकघरात येत होतं. ते कठड्याशी उभे होते, कोणीतरी देवमाशाचा फवारा दाखवत होतं, बाकीचे टाळ्या वाजवत होते. मी दुर्बीण केबिनकडे वळवली. काचेवर ऊन होतं. मग एक हिमखंड सरकत आला, काचेवर सावली पडली आणि मला आतलं दिसलं.

सुकाणूवर कोणीतरी पाठमोरं होतं. नारिंगी पोशाख. बाहीतून पाणी गळत होतं, थांबत नव्हतं, पाण्यातून नुकत्याच ओढलेल्या जाळ्यासारखं.

नारिंगी पोशाख बोटीत नव्हताच. एक होता, तो गेल्या सप्टेंबरात एनोकच्या अंगावर गेला होता.

मी वायरलेसकडे हात केला. त्यावर बिबियानेचा हात आधीच होता. जोरात दाबलेला नव्हता. मांजरावर ठेवावा तसा.

"गेर्थ बोटीत नाहीये," मी म्हटलं.

"हो का?"

"बिबियाने, तो ताटावर असेल. पाणी चढतंय. अर्ध्या तासात आपली माणसं पोचतील. हात काढ."

"काढते की." तिने खरंच हात काढला. "बोल. सोळा नंबरच्या चॅनेलवर सगळी वस्ती ऐकते. पिपालुकचा वायरलेस पण चालू असेल. पण बोलायचं तर सुरुवातीपासून बोल, दोर्थे. गेल्या सप्टेंबरपासून. नाहीतर मी सांगेन."

"मी काय..."

"तू माझ्या दोरीवरचे मोजे मोजतेस. त्या दिवशी तू खिडकीत नव्हतीस, हे कोणाला सांगतेस?"

किटलीचं झाकण वाजायला लागलं.

"त्या दिवशी किती झाल्या होत्या?" तिने विचारलं.

मला काय विचारतेय ते कळलं. खोटं बोलता आलं असतं. "दोन," मी म्हटलं.

"माझं पोर तेवढा वेळ तिथे बसून होतं. हातमोजा वाळत घालून. त्याला वाटत होतं, वळून येतील." तिने कप पुढे केला. "ओत. आज पण दोन होऊ देत."

खाली तिच्या लाल घराच्या दारात पिपालुक येऊन उभी होती. एक हात पोटावर, दुसरा डोळ्यांवर धरून बोटीकडे बघत होती. तिला वाटत असेल, देवमासा दाखवतोय. माझ्या हाताशी वायरलेस होता. एक कळ दाबायची होती. दाबली तर तिला नवरा मिळाला असता, आणि त्याच दमात कळलं असतं की तिचा नवरा कोण आहे आणि आई कोण आहे. मी मनात वाक्य जुळवत होते. कुठलं आधी, कुठलं नंतर. गेर्थ ताटावर आहे, एवढंच म्हणून पुढचं नंतर निभावता येईल का? तो वाचला तर तोच सांगेल का? मी खरंच हे सगळं विचारत बसले. तुम्हाला सांगते, माणूस विचार करत असतो तेव्हा आपण काही करत नाही आहोत हे त्याला कळतच नाही.

बिबियानेने कपावर नख वाजवलं. दोनदा. थांबून, एकदा.

मी ओतली.

दुसरी किटली संपली तेव्हा समोर इंजिन सुरू झालं.

६

बोट धक्क्याला अगदी नीट लागली. केबिनमध्ये कोणी नव्हतं. जमिनीवर घोटाभर पाणी होतं, ज्याने चाखून बघितलं तो म्हणाला, खारं.

पाहुणे मजेत होते. सगळे डॅनिश, निवृत्त शिक्षक. त्यांना काही ठाऊकच नव्हतं. माझ्याच टेबलाशी बसून एका गोड म्हाताऱ्या बाईने मला सांगितलं, "तुमचा जावई खडकावर उतरला, आमचा फोटो काढायला. बोट आपोआपच खडकाला जाऊन टेकली हो. तो आधी बराच वेळ नुसता उभा होता, काहीतरी ऐकत. चेहरा पांढराफटक. मग कॅमेरा घेतला आणि मुकाट्याने उतरला, कोणी हुकूम सोडल्यासारखा."

"आणि मग?"

"मग त्या दुसऱ्या मुलाने आम्हाला आणलं. आम्हाला वाटलं तुमच्या जावयाला घ्यायला दुसरी बोट येणार असेल. फार अबोल बाई तो! एकदा सुद्धा वळून बघितलं नाही. मी कॉफी देऊ केली, तर नुसतं काचेवर नख वाजवलं."

बिबियाने तिला केक वाढत होती. "आईने सवय लावली नाही बोलायची," म्हणाली.

आमचे शिकारी गेले. उन्हाळ्यात आमच्याकडे दिवस मावळत नाही, शोधायला उजेड पुष्कळ होता. ताट रिकामं होतं. वरपर्यंत ओलं होतं, जरी त्या दिवशी एक कडा कोसळला नव्हता, एक लाट आली नव्हती. मधोमध एक हातमोजा होता, वर दगड ठेवलेला.

कोरडा.

संध्याकाळी वारा सुटला. मी दुर्बीण उचलली. सातही बोटींचं तोंड वाऱ्याकडे होतं.

७

ऑक्टोबरात पिपालुकला मुलगा झाला. नाव काय ठेवणार हे विचारायची गरज नव्हती. मी एकदा म्हणून बघितलं, "दुसरं एखादं बघू या का गं?"

"आई!" ती म्हणाली. "त्याला बाहेर थंडीत ठेवायचं का?"

बारशाच्या कॉफीला अख्खी वस्ती आली. बिबियाने पण. तिच्या मुलीला शहरात मुलगी झाली होती, तिला भलतंच कुठलंतरी नाव दिलं होतं. बिबियानेने आमच्या बाळाला घेतलं, त्याच्या कपाळाला नाक लावून हुंगलं, सगळ्यांसमोर म्हणाली, "गेर्थ. आलास का रे? बरं झालं. आता तुझ्यामाझ्यात काही राहिलं नाही." आणि ते खरं होतं. तिने त्याला विणलेले मोजे दिले. नंतरही येता जाता त्याला उचलून घेते, लाड करते, डोळ्यांत काही नसतं.

जाताना दारात माझ्या कानाशी म्हणाली, "तुझं काय ते तुझं तू बघ, दोर्थे."

पिपालुक त्याला "माझा छोटा नवरा" म्हणते आणि हसते. खूप दिवसांनी हसते. ती मासे साफ करायच्या कामाला जाते तेव्हा तो माझ्याकडे असतो. शांत आहे. रडत नाही, हट्ट नाही. आता अकरा महिन्यांचा झाला, खुर्चीला धरून उभा राहतो. बोलत अजून नाही. शेजारच्या बायका विचारतात, पहिला शब्द आला का? मी म्हणते, काय घाई आहे.

काल मी केकचं पीठ मळत होते. पांढरं जहाज आलं होतं. मागे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, म्हणून वळले. त्याने खिडकीतली दुर्बीण ओढून घेतली होती. एवढी जड, पण दोन्ही हातांनी नीट धरली होती, मोठ्या माणसासारखी. डोळ्यांना लावली होती.

बाहेर जहाज होतं, टोकाशी देवमासा फवारा सोडत होता. तिकडे त्याची पाठ होती.

दुर्बीण माझ्याकडे होती. मी हलले तशी हलली. मी थांबले, थांबली.

मग त्याने ती हळूच खाली घेतली आणि तोंड उघडलं.